सक्करदऱ्याचा फोटो स्टुडिओ: मालक माझाच जुना पोट्टा आहे, तरी खरं तेच लिहितो

आधीच सांगून टाकतो, हे दुकान ज्याचं आहे तो माझ्याकडे असिस्टंट होता. नागपूरच्या महाल भागात माझा स्टुडिओ होता, तिथे इतक्या वर्षांत जी पोरं आली-गेली त्यातला हा शेवटचा, मी शटर कायमचं खाली ओढलं त्या दिवशी लाईटचे स्टँड आणि पडद्याचे पाईप यानंच ऑटोत भरले होते. आता कोणाला वाटेल भाऊ आपल्याच पोट्ट्याची तारीफ करून राहिले, तर वाटू द्या. आयुष्य याच धंद्यात गेलंय, मन लावून केलेलं काम कोणतं आणि उरकलेलं कोणतं ते मला दुरून कळतं, आणि जे खटकलं तेही खाली लिहिलंय.

गेलो होतो एक ग्रुप फोटो दुरुस्त करून फ्रेम करायला. स्टुडिओच्या दारात काढलेला, माझ्यासोबत त्या वेळची सगळी असिस्टंट मंडळी, मागे काचेच्या शोकेसमध्ये नवरा-नवरींचे फोटो. हा फोटो आणि जुन्या अल्बमचे खोके भाचीकडे अंबाझरी लेआउटला तळमजल्यावर ठेवले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते नागपूरकरांना सांगायला नको, रात्रीतून ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात, झोपेतून उठलेली माणसं पलंगावर उभी. भाचीनं माणसं आणि म्हातारी सासू वर नेली ते सगळ्यात बरं केलं, खोके पाण्यातच राहिले.

पाणी उतरल्यावर पहिला फोन मी या दुकानवाल्या पोट्ट्यालाच केला. तो म्हणे भाऊ, चिकटलेले फोटो ओढू नका, उन्हात तर अजिबात टाकू नका, टबात साधं थंड स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात तसेच बुडवून ठेवा, मी येऊन राहिलो. आणि आला, चिखलातून, आपली गाडी दूर लावून. ज्यांच्या घरात कधी असं पाणी शिरेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो कारण बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यानं फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला किंवा अल्बमच्या प्लास्टिकला धरून बसतो, मग ओढला की चेहराच तिकडे जातो. पाण्यात भिजत ठेवला तर हळूहळू आपणहून सुटतो. सुटला की साध्या पाण्यातून काढायचा आणि सावलीत, पंख्याखाली, चेहरा वर करून ठेवायचा, वर काही दाबून ठेवायचं नाही. दोन दिवसांत एवढं करणं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाकायचे, नंतर निवांत सोडवता येतात.

त्यात एक गोष्ट मला पुन्हा नव्यानं दिसली. साध्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले अलीकडचे फोटो सगळ्यात आधी गेले, शाई वाहून निळ्या-गुलाबी डागांचा नुसता राडा झाला. जुने ब्रोमाइडचे, म्हणजे डार्करूममध्ये धुतलेले फोटो मात्र बऱ्यापैकी वाचले, कारण ते पाण्यातच जन्मलेले. आणि त्यातही जे एका ठराविक काळातले होते ते स्वच्छ, पांढरे पांढरे, जराही पिवळे नाही पडलेले. हा म्हणे भाऊ हे उमरेडवाल्या दादांच्या हातचे ना. मी म्हटलं हो.

उमरेडवाला म्हणजे माझा पहिला असिस्टंट. डार्करूम त्याच्याकडे. फिल्म धुवायला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, वीस डिग्रीचा लागतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि आमच्या नागपूरला मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, वरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चहाला चालेल इतकं गरम. अशा पाण्यात फिल्म टाकली की थर सुटतो, जाळी पडते, लग्नाचा रोल असेल तर तोंड दाखवायला जागा नाही कारण ते लग्न काही परत लागणार नसते. तर हा पोट्टा सकाळी बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा आणायचा, भुशात गुंडाळलेला, तो धुवून मोठ्या घमेल्यात टाकायचा आणि त्यात फिल्म धुवायची डबी ठेवायची. डेव्हलपरच्या बाटल्या रात्रीच ओल्या तरटात गुंडाळून कूलरच्या पाण्यात उभ्या केलेल्या असायच्या. थर्मामीटर आमच्याकडे होता पण तो आधी बाटलीला हात लावून आकडा सांगायचा आणि मग थर्मामीटर बघायचा, बहुतेक बरोबर असायचा. डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करायचं रसायन) आणि शेवटचं धुवायचं पाणी, तिन्ही एकाच गारव्याचं पाहिजे हा त्याचा हट्ट, एक थंड एक गरम असं त्यानं कधी चालू दिलं नाही.

पण खरी गोष्ट धुण्याची. फोटो हायपोतून काढल्यावर नीट धुतला नाही तर कागदात राहिलेला हायपो पुढे वर्षानुवर्षं काम करत राहतो, फोटो पिवळा-तपकिरी होतो, चेहरे उडत जातात. जाड फायबर कागद म्हटला की वाहत्या पाण्यात तासभर तरी. बाहेर गिऱ्हाईक बोंबलून राहिलं, मी ओरडून राहिलो, तरी हा आत टबाजवळ उभा राहून एकेक फोटो उलटायचा, वरचा खाली खालचा वर. त्याला कोणी विचारणार नव्हतं, दहा वर्षांनी फोटो पिवळा पडला तर उमरेडवाल्याला शोधत कोण येणार आहे. तरी धुतला. आणि चाळीस वर्षांनी पुरातून निघालेला तो कागद बघा, पांढरा.

आता दुकानाबद्दल. जागा छोटी आहे, समोर काउंटर आणि कॉम्प्युटर, मागे शूटिंगची खोली. आत शिरताना डावीकडे कपडे बदलायची जागा आहे आणि मी मुद्दाम तिथूनच सुरुवात करतो कारण स्टुडिओवाले सगळा पैसा कॅमेऱ्यात घालतात आणि या जागेला एक फाटका पडदा लावून मोकळे होतात. इथे दरवाजा आहे, आतून कडी आहे, कडी नीट लागते. मोठा आरसा, वर पांढरा लाईट, खुंट्या, सेफ्टी पिनांची डबी, कंगवा, पावडर, टिकल्यांचं पाकीट, केसांचे काटे, टॅल्कम लागलेले हात पुसायला स्वच्छ नॅपकिन. खोलीत शिरलो आणि मी म्हटलं अरे ही तर इतवारीवालीची खोली.

इतवारीची एक पोरगी माझ्याकडे होती, पहिली मुलगी असिस्टंट. त्या काळी स्टुडिओत मुलगी कामाला म्हणजे लोक वाकून बघायचे. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली सर, तुमच्या पडद्याला खालून एक फूट जागा आहे, बायका त्या मागे साडी बदलत नाहीत, घरूनच चुरगळून नेसून येतात आणि फोटोत तेच दिसते. तिनं मागे लागून सुतार बोलावला, दरवाजा लावून घेतला, कडी स्वतः लावून उघडून बघितली. सेफ्टी पिना, कंगवा, पावडर ही सगळी तिची यादी. आणि तिची दुसरी सवय म्हणजे हात लावायच्या आधी विचारायची. "काकू, पदर थोडा वर घेऊ का?" "ताई, हनुवटी जरा इकडे, मी बोट दाखवते तिकडे बघा." कोणाच्या खांद्याला, हनुवटीला हात न लावता ती माणूस बरोबर वळवायची. दाखवायला आणलेल्या मुली, सोबत आई, मावशी, आत्या, सगळ्या कावऱ्याबावऱ्या, आणि ही पाच मिनिटांत त्यांना हसवायची. लग्नाच्या मुलींच्या फोटोसाठी लोक पार हिंगणा, कामठीहून यायचे ते माझ्या कॅमेऱ्यासाठी नाही, ते तिच्यासाठी यायचे, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो. पुढे लग्न होऊन पुण्याला गेली.

आता गंमत बघा, म्हणजे मला तरी फार विशेष वाटलं, सध्याच्या मालकानं तिला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. तो आला त्याच्या कितीतरी आधी ती गेली होती. पण पासपोर्ट साइजचा फोटो काढायला एक आजी बसल्या होत्या, नऊवारी, डोक्यावर पदर, आणि हा वाकून म्हणून राहिला "आजी, पदर कानाच्या मागे घेऊ का? कान दिसावे लागतात." आजींनी मान हलवली तेव्हा हात पुढे केला. मी विचारलं हे तू कोणाकडून शिकला बे? म्हणे काटोलवाल्या दादाकडून. काटोलवाला कोणाकडून शिकला? तिच्याकडून.

काटोलवाला माझा लाईटमॅन. लग्नात हजार वॉटचा हॅलोजनचा फोकस हातात धरून उभं राहायचं, वायर सांभाळायची, कोणाच्या पायात नाही आली पाहिजे, मांडवाला नाही लागली पाहिजे, होमाचा धूर डोळ्यात, उन्हाळ्यातली लग्नं, आणि तो फोकस इतका तापतो की जाळीला बोट लागलं तर कातडी निघते. ज्यांनी कधी धरला नाही त्यांना वाटते यात काय, उभं तर राहायचं आहे. दोन-दोन तास हात वर. जेवायला सगळ्यात शेवटी, कधी पंगत उठलेली असायची तर आचाऱ्याकडून उरलेली वांग्याची भाजी-पोळी. फोटोत तो एकाही ठिकाणी नाही आणि प्रत्येक फोटोत त्याचा उजेड आहे.

त्याचं असं होतं की फोकस कधी थेट चेहऱ्यावर सुरू करायचा नाही. आधी छताकडे किंवा मांडवाच्या कापडाकडे तोंड करून चालू करायचा, माणसांच्या डोळ्यांना सवय होऊ द्यायचा, मग हळूच खाली आणायचा. नवरीची आजी समोर बसलेली असली तर तिच्या बाजूला स्वतः उभा राहायचा, म्हणजे तिच्या डोळ्यावर त्याची सावली पडते. हे त्याला मी शिकवलेलं नाही, मला सुचलंही नसतं.

सक्करदऱ्याच्या या स्टुडिओत हॅलोजन वगैरे नाही, गोडॉक्सचे फ्लॅश आहेत, एकावर मोठा सॉफ्टबॉक्स, एकावर छत्री, रेडिओ ट्रिगरवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ, वायरची भानगड नाही. उजेड मऊ आहे, नाकाची सावली ओठावर कापल्यासारखी पडत नाही, त्वचेचा रंग खरा येतो. पण मी बघितलं ते वेगळंच, लहान पोरगं किंवा म्हातारं माणूस स्टुलावर बसलं की हा आधी फ्लॅश भिंतीकडे वळवून एकदा उडवतो आणि सांगतो असा उजेड पडणार आहे बरं का, मग त्यांच्याकडे वळवतो. डोळे मिटलेले फोटो निम्म्यानं कमी होतात यानं. शहरात मोठे मोठे स्टुडिओ आहेत, एसी आहे, कॉफी देतात, तिथे मी हे बघितलं नाही.

लहान मुलांसाठी तर डोळे मिटून जा इथे. मोठ्यांचा पासपोर्टचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात पण चार वर्षांखालच्या बाळाचा आपल्यालाच न्यावा लागतो, ४.५ बाय ३.५ सेंटीमीटर, पांढरं बॅकग्राउंड, आणि त्यात आईचा हात दिसून चालत नाही. जे बाळ बसत नाही त्याला पांढऱ्या चादरीवर झोपवून हा वरून काढतो, बाजूनं उजेड, चादरीवर सावली नाही. घाई नाही. बाळ रडलं तर आईला सांगतो दूध पाजून घ्या, आत खोलीत बसा, मी थांबतो. अमेरिकेच्या व्हिसाचा दोन इंच बाय दोन इंच, त्यात २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा चालत नाही, हे याला पाठ आहे, चष्मा काढायला आधीच सांगतो. माझ्या ओळखीच्या एकांचा फोटो दुसऱ्या एका दुकानात चष्म्यासकट काढून दिला होता, परत यावं लागलं.

आणि तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो, लाकडी बैल, चाकं लावलेला, सजवलेला, पोरं धोतर-फेटा घालून, कोणी शेतकरी कोणी कृष्ण कोणी शिवाजी होऊन बैल ओढत निघतात, घरोघरी बोजारा म्हणजे पैसे-खाऊ मागतात. नागपुरात त्याच दिवशी मारबत, म्हणजे वाईट गोष्टींच्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, आणि माझा स्टुडिओ नेमका तिथेच. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. सजलेलं पोरगं, गर्दीनं घाबरलेलं, मिशी पुसली गेलेली, आई-बाप ओरडून राहिले "हस ना, हस ना," आणि पोरगं भोकाड पसरून.

तेव्हा माझ्याकडे एक पोट्टा होता, सावनेरकडचा, बाकी कामात साधारण, लेन्स पुसायला दिली तर शर्टानं पुसायचा, त्यावरून मी किती बोललो असेन. पण लेकरांत तो देव होता. तो पोराकडे बघायचाच नाही. सरळ खाली बसायचा आणि बैलाशी बोलायचा. "काऊन रे, जेवला काय तू? पोळी खाल्ली? कोणी दिली? अबे सांग ना!" बैल काय बोलणार, मग पोरगंच बोलायचं, "त्याले मी दिली." "हो का? नाव काय याचं?" "राजा." "राजा लाजते काय?" आणि पोरगं हसलं की क्लिक. मला हात करायची गरज नाही, तो नुसतं बैलाच्या शिंगाला टिचकी मारायचा, तो आमचा इशारा. त्या काळी १२० च्या रोलमध्ये बारा फोटो यायचे फक्त, एका लेकरामागे एकच, क्वचित दोन, चुकलं तर पैसे आपले. आणि त्या पोट्ट्याच्या हातून एकही लेकरू रडत परत गेलेलं मला आठवत नाही. तो आज कुठे आहे मला माहीत नाही, गाव सोडून कामासाठी बाहेर गेला एवढंच कळलं होतं. वाचत असशील तर ये बे, लेन्सचं बोललो ते मनात ठेवू नको.

इथे शूटिंगच्या खोलीत कोपऱ्यात एक लाकडी बैल ठेवलाय, रंग उडालेला. वर्षभर असतो. पासपोर्टला आलेल्या अडीच वर्षांच्या पोरीशी या दुकानातली नवीन मुलगी, कॉलेज करून अर्धा दिवस काम करते, बैलाच्या कानात बोलून राहिली होती. मी बाहेर काउंटरवर येऊन बसलो.

आता रिटचिंग, यावर माझं आणि याचं भांडण आहे, प्रेमाचं. आजकाल चेहरा गुळगुळीत करून द्यायची पद्धत झालीये, सगळे मेणाचे दिसतात, आजीच्या सुरकुत्या गायब, आईचा तीळ गायब. आमच्या वेळी निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग व्हायचं, भिंगातून बघत, पुटकुळी काढायची पण डोळ्याखालची रेघ फक्त हलकी करायची, काढायची नाही. हा बरा आहे, आधी विचारतो की काय काढू आणि काय ठेवू, आणि तीळ कधी काढत नाही जोपर्यंत माणूस स्वतः म्हणत नाही. पण लग्नाच्या अल्बममध्ये गिऱ्हाईक मागते म्हणून राजवाडे, फुलपाखरं, ढगात नवरा-नवरी, हे सगळं टाकतो. मला नाही आवडत. मी त्याला तोंडावर सांगितलं, तो म्हणे भाऊ पोट आहे. त्याचंही बरोबर आहे, तरी मी इथे लिहितोच, अल्बम करायला दिलात तर साधा करायला सांगा, साधा तो फार सुंदर करतो.

जुन्या निगेटिव्हचं स्कॅनिंग इथे नक्की करून घ्या. घरात निगेटिव्हच्या पट्ट्या पडलेल्या असतील तर फेकू नका, फोटो खराब झाला तरी निगेटिव्हमध्ये सगळं असतं. रंगीत निगेटिव्हसाठी स्कॅनरमध्ये डिजिटल आइस म्हणून सोय असते, इन्फ्रारेड किरणानं धूळ आणि ओरखडे ओळखून पुसते. पण नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर ते चालत नाही कारण चित्रच मुळात चांदीचं असते आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, मशीनला चेहरा पण धूळच वाटते. बरेच लोक ते बटण तसंच चालू ठेवून चेहरे पुसट करून देतात. हा ते बंद ठेवतो आणि एकेक धुळीचा कण हातानं काढतो, स्क्रीन मोठी करून, त्याला वेळ लागतो म्हणून उशीर होतो आणि पैसे थोडे जास्त पडतात. द्या. वसूल आहे.

तर माझा ग्रुप फोटो. खालचा डावा कोपरा पाण्यानं गेला होता आणि नेमका तिथे उमरेडवाला उकिडवा बसलेला. कपडे दिसतात, गुडघ्यावरचे हात दिसतात, चेहऱ्याच्या जागी थरच नाही, नुसता कागद. बाकी सगळे वाचले, काटोलवाला आहे, इतवारीवाली आहे, सावनेरचा पोट्टा दात काढून हसतोय. या फोटोची निगेटिव्ह काही सापडली नाही. याच्याकडे आता ते एआयवालं सॉफ्टवेअर आहे, चेहरा भरून देते. माझ्यासमोर त्यानं लावलं. अर्ध्या मिनिटात चेहरा आला, एकदम स्वच्छ, पापण्यासुद्धा, उजेडसुद्धा बाकीच्यांशी जुळलेला. दुकानात उभे असलेले दोघं-तिघं वा वा म्हणाले. हा मात्र गप. बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, हा कोण आहे?"

खरंच, कोण होता तो. देखणा होता, पण उमरेडवाला नव्हता. उमरेडवाल्याचा एक डोळा किंचित बारीक होतो हसताना, डार्करूमच्या लाल दिव्यात सतत बारीक बघून बघून झालेलं, भुवईवर लहानपणी बैलगाडीवरून पडल्याची खूण. मशीनला ते कुठून माहीत असणार, तिनं हजार चेहऱ्यांवरून एक बरा चेहरा काढून ठेवला. हा त्याला ओळखत होता कारण उमरेडवाला दरवर्षी दिवाळीला स्टुडिओत फराळ घेऊन यायचा. त्यानं ते पुसलं. सेव्हपण केलं नाही. म्हणे दोन दिवस द्या.

त्यानं उमरेडला फोन लावला. तिथून उमरेडवाल्याच्या मुलानं घरातले जुने फोटो पाठवले, मोबाईलवर काढून, त्यात त्याच काळातला एक पासपोर्ट फोटो निघाला, माझ्याच स्टुडिओतला, बहुतेक त्यानंच धुतलेला. मूळ फोटो मागवून घेतला, स्कॅन केला. पण तो समोरून होता आणि ग्रुपमध्ये मान जराशी उजवीकडे. मग अजून एक सापडला, कोणाच्या तरी लग्नात मागे उभा, मान बरोबर तशीच. दोन्ही मिळून, उजेड जुळवून, दाणा जुळवून बसवला. कानाजवळ अगदी नीट बघितलं तर जोड कळतो, त्यानं मला स्वतःच दाखवला आणि म्हणाला हे मी लपवत नाही, मागे पेन्सिलनं लिहून ठेवतो की एवढा भाग दुसऱ्या फोटोतून घेतलाय. आणि लिहिलंय, कोपऱ्यात, हलक्या हातानं, पेननं नाही कारण पेनची शाई पुढून उमटते. ही सवयही मी ओळखली, इतवारीवालीची.

मी तो फोटो उमरेडला घेऊन गेलो नाही, उमरेडवालाच आला, मुलाच्या गाडीवर मागे बसून. आता हात थरथरतात त्याचे. फोटो बघितला आणि पहिलं काय केलं तर कागद बोटानं चाचपला आणि विचारलं, "धुतला काय नीट?" हा म्हणाला दादा, आता हा प्रिंटरचा आहे, पिगमेंट शाईचा, धुवावा लागत नाही, आणि तो म्हणे मग टिकन का? मग यानं त्याला सगळं समजावून सांगितलं, पिगमेंट शाई साध्या डायच्या शाईपेक्षा जास्त टिकते, कागद ॲसिड नसलेला, काचेला फोटो चिकटू नये म्हणून मधे माउंटची पट्टी, मागून टेप नाही तर कागदाचे कोपरे. अर्धा तास दोघं बोलत होते, गिऱ्हाईकं थांबली होती, मी कोणाला उठवलं नाही.

खटकलेल्या गोष्टी. एक, पार्किंग नाही, बुधवारच्या बाजाराच्या दिवशी तर गाडी आणूच नका. वेळेचं त्यानं सांगितलेल्या दिवसात दोन दिवस जोडून धरा, फोन केला की "होऊन राहिलं भाऊ" म्हणतो आणि होऊन राहिलेलंच असते. फ्रेमचे नमुने कमी आहेत, सोनेरी नक्षीवाल्याच जास्त, साधी काळी किंवा सागवानी पट्टी मागून घ्यावी लागते. दुपारी उन्हाळ्यात शूटिंगच्या खोलीत उकडते, कूलरचा आवाज होतो म्हणून तो व्हिडिओ काढताना बंद करतो आणि बाई-माणसं घामाघूम होतात, एसी लाव म्हणून मी सांगून राहिलो, ऐकेल. रेट बाजूच्या दुकानांपेक्षा थोडे वर आहेत, अर्जंट पासपोर्टचे सोडले तर. ज्याला दोन मिनिटांत मोबाईलवरून फोटो काढून हवाय त्यानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं.

रविवारी अर्धा दिवस उघडं. जुने फोटो द्यायचे असतील तर सकाळी जा, तेव्हा त्याच्याकडे बोलायला वेळ असतो, आणि फोटोत कोण कोण आहे ते सांगायला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. तो विचारतोच.

त्या ग्रुप फोटोच्या अजून कॉपी सांगितल्यात. एक पुण्याला जाणार, तिला फोनवर दाखवला तेव्हा तिनं पहिलं विचारलं सर मागे लिहिलंय ना. एक उमरेडला दिली. एक यानं स्वतःच्या दुकानात काउंटरच्या मागे लावलीये, स्वतः त्या फोटोत नसताना. सावनेरवाल्याची काढून ठेवलीये, पाकिटावर नाव घालून, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, आला की द्यायची. आणि काटोलची मी कुरियरनं पाठवणार नाही, त्याच्या बागेत आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी सुरू झाली की स्वतः घेऊन जाणार आहे.